पहिलं क्रेडिट कार्ड: उत्पन्न अनियमित असेल तर कोणतं घ्यावं, अर्ज कसा करावा?

शब्दखूण:

मी पूर्णवेळ अनुवादाचं काम करते. नोकरी नाही, त्यामुळे पगारपत्रकही नाही. कामं संपतील तसे पैसे येतात. एखाद्या महिन्यात तीन बिलं एकदम चुकती होतात आणि पुढचे दोन महिने खात्यात शुकशुकाट. आजवर कुठलंही कर्ज काढलं नाही, कार्डही वापरलं नाही. आता मात्र अडायला लागलं आहे. कामाची सॉफ्टवेअर वर्षाच्या वर्गणीवर मिळतात आणि त्यांचे पैसे परकीय चलनात जातात. प्रवासात गाडी भाड्याने घ्यायची तर अनामतीसाठी क्रेडिट कार्डच मागतात.

माझ्यासमोर तीन पर्याय आहेत. पहिल्या कार्डाला वार्षिक शुल्क नाही आणि सगळ्या खर्चावर 1 टक्का परत मिळतो. दुसऱ्याचं शुल्क बरंच आहे, पण त्यात विमानतळावरच्या लाउंजमध्ये प्रवेश आणि भरपूर पॉइंट्स आहेत. तिसरं माझ्याच बँकेचं, मुदत ठेव तारण ठेवून मिळणारं. फोन करणारा मुलगा दुसऱ्याच्या मागे लागला आहे. "मॅडम, पहिलं वर्ष फुकट आहे, नाही आवडलं तर बंद करा," असं म्हणतो. तिन्हीकडे अर्ज टाकून जे मंजूर होईल ते घ्यावं, असा विचार आहे. बरोबर आहे का?

रानवारा:

तिन्हीकडे एकदम अर्ज टाकू नका, एवढं आधी सांगतो. बाकी तपशिलात जाणारे लोक इथे आहेतच.

दुसऱ्या कार्डाचं गणित स्वतः मांडून बघा. समजा शुल्क 3,000 आहे आणि बिनशुल्काच्या कार्डापेक्षा ते 1 टक्का जास्त परत देतं. म्हणजे वर्षाला 3 लाख खर्च केलात तर तुम्ही जिथल्या तिथे. फायदा त्यापुढे सुरू होतो. आणि पॉइंट म्हणजे टक्का नव्हे. 100 खर्चाला 4 पॉइंट मिळाले आणि एका पॉइंटची किंमत पाव असेल, तर हातात येतो 1 टक्काच. कोणत्या खर्चावर पॉइंट मिळत नाहीत, त्याची यादी अटींमध्ये खाली असते. इंधन, घरभाडं, वॉलेटमध्ये पैसे भरणं असे खर्च त्यात पुष्कळदा सापडतात. ती यादी वाचल्याशिवाय हो म्हणू नका.

हिशेबनीस:

शब्दखूण, मी अनेक वर्षं कार्डाचे अर्ज तपासण्याच्या टेबलावर होते. तुमच्यासारखे अर्ज ढिगाने पाहिले आहेत आणि चांगल्या लोकांचे अर्ज फालतू कारणांनी परत जाताना पाहून मला फार वाईट वाटायचं. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

तिन्हीकडे अर्ज का नको? कार्डासाठी अर्ज केला की बँक पतमापन संस्थेकडून, म्हणजे लोकांच्या कर्जांच्या आणि परतफेडीच्या नोंदी ठेवणाऱ्या संस्थेकडून, तुमचा अहवाल मागवते आणि त्या चौकशीची नोंद अहवालात राहते. थोड्या दिवसांत अशा तीन-चार नोंदी दिसल्या की तपासणाऱ्याच्या मनात पहिला प्रश्न येतो, या व्यक्तीला पैशांची इतकी घाई का? तुमचा तर इतिहासच कोरा. कोऱ्या पानावर फक्त चौकश्याच दिसल्या तर ते चांगलं नाही. स्वतःचा अहवाल स्वतः मागवून बघितला तर त्यातले पतीचे गुण (क्रेडिट स्कोअर) कमी होत नाहीत, हे मात्र लक्षात ठेवा. तो आधी बघाच. कर्ज कधी घेतलं नसलं तरी नावसाधर्म्यामुळे दुसऱ्याचं थकलेलं खातं आपल्या नावावर चढलेलं असू शकतं. ते अर्जाआधी दुरुस्त करून घ्यायचं.

आता कोणतं कार्ड. मी तुमच्या जागी असते तर ठेवीवरचं घेतलं असतं. लोकांना ते कमीपणाचं वाटतं, "माझेच पैसे ठेवून मलाच उधारी?" असं म्हणतात. पण त्याच्याकडे असं बघा: तुमच्याकडे पगारपत्रक नाही, इतिहास नाही, म्हणजे बँकेला तुमच्याबद्दल काहीच माहीत नाही. ठेव असली की बँकेची भीती जाते, मंजुरी सोपी होते आणि ठेवीवर व्याज देणारी बँक असेल तर ते चालूच राहतं. मर्यादा ठेवीच्या आसपास किंवा थोडी कमी मिळते. महत्त्वाचं म्हणजे, या कार्डाची परतफेड पतमापन संस्थेला कळवली जाते का, हे शाखेत स्पष्ट विचारा. कळवली जात नसेल तर इतिहास तयार होणार नाही आणि ते कार्ड घेण्यात अर्थ नाही.

अर्ज भरताना काय बिघडतं, तेही सांगते. सगळ्यात जास्त घोटाळा उत्पन्नाच्या रकान्यात. फॉर्ममध्ये "वार्षिक उत्पन्न" लिहिलेलं असतं आणि माणूस महिन्याचा आकडा टाकतो. अर्ज आधी मशीन बघतं, माणूस नंतर. बारा पटींनी कमी उत्पन्न दिसलं की तो अर्ज टेबलापर्यंत पोचतच नाही. तुमच्यासारख्यांनी गेल्या दोन वर्षांची करविवरणपत्रं समोर ठेवावी आणि त्यात जो आकडा आहे तोच लिहावा. खर्च वजा जाता उरलेलं उत्पन्न विचारलंय की एकूण जमा, हेही नीट वाचावं. चांगल्या महिन्याला बाराने गुणून आकडा फुगवू नका. कागद आणि अर्ज जुळले नाहीत की तपासणारा बाकीच्या सगळ्यावर संशय घेतो.

दुसरं, नाव. ओळखपत्रावर मधलं नाव पूर्ण, बँकेत फक्त आद्याक्षर, करखात्यात आडनावाचं स्पेलिंग वेगळं, असे अर्ज आठवड्यातून कितीतरी यायचे. पत्त्याचंही तसंच. जुना पत्ता असलेला कागद जोडला की पडताळणीला गेलेला माणूस जुन्या दारावर जाऊन परत येतो आणि फाइलवर शेरा पडतो, "अर्जदार आढळला नाही". माणूस अगदी खरा, पण अर्ज गेला. कागद आधी जुळवा, मग फॉर्म उघडा. व्यवसायाच्या रकान्यात "स्वयंरोजगार" लिहिताना लाजू नका. कुठल्या तरी ओळखीच्या कंपनीचं नाव टाकलं तर पडताळणीचा फोन तिथे जातो.

नाकारला गेलाच, तर कारण लेखी मागा. लगेच दुसऱ्या बँकेकडे धावू नका.

मधलीसुट्टी:

मीही स्वतंत्र काम करतो, चित्रं काढतो, म्हणून दोन गोष्टी जोडतो.

परकीय चलनात वर्गणी जात असेल तर पॉइंट्स बाजूला ठेवून परकीय चलनातल्या व्यवहारावर बँक वरून लावते ते अधिभार शुल्क किती ते बघा. ते साधारण 1 ते 3.5 टक्क्यांच्या दरम्यान दिसतं, काही कार्डांवर ते नसतंच. 1 टक्का परत मिळवून 3.5 टक्के अधिभार भरण्यात काय मिळवलं? शिवाय परदेशी संकेतस्थळ किंवा दुकानातलं मशीन कधीकधी विचारतं, "तुमच्या देशाच्या चलनात पैसे घेऊ का?" तिथे नाही म्हणायचं आणि विक्रेत्याच्या चलनातच पैसे द्यायचे. नाहीतर विनिमयाचा दर समोरचा ठरवतो आणि तो बहुतेक वेळा महागच पडतो.

दुसरी गोष्ट तारखांची. बिल निघण्याची तारीख आणि भरण्याची तारीख वेगळी असते. समजा बिल 5 तारखेला निघतं आणि 25 पर्यंत भरायचं असतं. 6 तारखेला केलेली खरेदी पुढच्या महिन्याच्या 5 च्या बिलात येते आणि 25 पर्यंत भरायची असते, म्हणजे जवळजवळ 50 दिवस बिनव्याजी. तीच खरेदी 4 तारखेला केली तर 21 दिवसच. माझी मोठी वर्गणी मी याच हिशेबाने भरतो. आपले पैसे कधी येतात ते बघून बँकेकडे बिलाची तारीख बदलून मागता येते, बऱ्याच बँका देतात.

शब्दखूण:

सगळ्यांचे मनापासून आभार. हिशेबनीसताई, तुमचं वाचून आधी अहवाल मागवायला टाकला.

एक शंका उरली. माझ्या रिकाम्या महिन्यात पूर्ण बिल भरता आलं नाही तर "किमान देय रक्कम" भरून चालतं ना? तो फोनवाला म्हणतो, "किमान रक्कम भरली की तुमचं रेकॉर्ड एकदम स्वच्छ, काही टेन्शन नाही."

हिशेबनीस:

त्याने अर्धंच सांगितलं. किमान रक्कम वेळेत भरली तर हप्ता चुकल्याची नोंद होत नाही आणि विलंब शुल्क लागत नाही, एवढं खरं. पण व्याज थांबत नाही, आणि व्याज कसं लागतं हे कोणी समजावून सांगत नाही. मला याची खरोखर चीड येते, म्हणून आकड्यांत मांडते.

व्याज महिन्याला 3 टक्के धरा. वर्षाचे सरळ 36 वाटतात, पण व्याजावर व्याज चढत गेलं की साडेबेचाळीसच्या वर जातं. आता तुमच्याकडे 1,00,000 देणं आहे, दरमहा उरलेल्या रकमेच्या 5 टक्के किमान रक्कम भरताय आणि कार्डावर नवा एक पैसाही खर्च करत नाही. वर्षअखेर तुम्ही 53 हजारांहून जास्त भरलेले असतात आणि देणं उतरलेलं असतं फक्त 23 हजारांच्या आसपास. बाकीचं सगळं व्याजात गेलं. अमेरिकेत 2009 च्या कायद्याने बिलावर छापायला लावलं की नुसती किमान रक्कम भरत राहिलात तर फेडायला किती काळ लागेल. तो आकडा वाचला की माणूस आपोआप जास्त भरतो.

याहून छुपी गोष्ट पुढे आहे. समजा 20 मार्चला तुम्ही 40,000 खर्च केले. 5 एप्रिलला बिल आलं. 25 एप्रिलला 38,000 भरले, 2,000 राहिले. तुम्हाला वाटेल व्याज 2,000 वर, म्हणजे दहा दिवसांचे वीसेक. पण अनेक बँकांच्या अटींनुसार बिल पूर्ण न भरल्यामुळे बिनव्याजी मुदत मागे जाऊन रद्द होते. मग पूर्ण 40,000 वर 20 मार्चपासूनचे 36 दिवस धरले जातात आणि व्याज होतं सुमारे 1,420. वर, थकबाकी पूर्ण फिटेपर्यंत नव्या खरेदीवर पहिल्या दिवसापासून व्याज. मधलीसुट्टी यांनी सांगितलेले 50 दिवस फक्त पूर्ण बिल भरणाऱ्याचे आहेत.

कार्डाची सुरुवात अशी नव्हती. 1950 मध्ये डायनर्स क्लबचं कार्ड आलं तेव्हा बिल आलं की पूर्ण चुकतं करायचं, एवढंच होतं. शिल्लक पुढे ओढायची सोय 1958 च्या बँक ऑफ अमेरिकाच्या कार्डाने घराघरात नेली. तुम्ही तुमचं कार्ड 1950 सारखं वापरा.

आणि रोख रक्कम कार्डावर काढू नका. तिथे शुल्क वेगळं आणि व्याज बहुधा त्याच दिवसापासून.

मधलीसुट्टी:

रिकाम्या महिन्यांसाठी माझी पद्धत सांगतो. कार्डावर खर्च झाला की त्याच संध्याकाळी तेवढी रक्कम वेगळ्या बचत खात्यात टाकतो. बिल त्या खात्यातून जातं. पैसे बाजूला टाकता येत नसतील तर ती खरेदी त्या दिवशी करायची नाही. काम कितीही कमी असो, बिल आलं म्हणून धडधड होत नाही.

रानवारा:

ठेवीवरच्या कार्डाची मर्यादा छोटी असते, म्हणून हेही बघा. बँका पुष्कळदा बिलाच्या तारखेची शिल्लक पतमापन संस्थेला कळवतात. मर्यादा 50,000 आणि त्या दिवशी 40,000 दिसले, तर पुढे तुम्ही पूर्ण भरणार असलात तरी 80 टक्के वापर नोंदला जातो. 30 टक्क्यांच्या आत ठेवावा असं सगळे सांगतात. मोठी वर्गणी भरली तर बिल निघायच्या दोन-तीन दिवस आधीच थोडी रक्कम भरून टाका.

शब्दखूण:

ठरलं, ठेवीवरचंच घेते. उद्या शाखेत जाऊन नोंद पतमापन संस्थेकडे जाते का आणि परकीय चलनाचा अधिभार किती, हे दोन्ही विचारते. कार्ड हातात आल्यावर लगेच काय करायचं असतं?

हिशेबनीस:

पाकीट फाटलेलं किंवा पुन्हा चिकटवलेलं नाही ना, ते बघा. पिन स्वतः ठरवा. परदेशी व्यवहार बंद ठेवता येत असतील तर वर्गणीच्या वेळीच चालू करा. प्रत्येक व्यवहाराचा संदेश मोबाइलवर येईल असं करून घ्या. विमा वगैरे काही न विचारता जोडलेलं असेल तर पहिल्याच बिलात ते सापडेल, ते लेखी कळवून काढायला लावा.

मग खात्यातून आपोआप बिल भरलं जाण्याची सूचना द्या. त्या फॉर्ममध्ये दोन गोल असतात, "एकूण देय" आणि "किमान देय". कित्येक ठिकाणी किमानच्या गोलात आधीच खूण केलेली असते. ती काढून "एकूण देय" वर करा, आणि पहिलं बिल गेल्यावर खात्यातून किती रक्कम वजा झाली ते बिलाशी ताडून बघा.