भाची 'आले' आणि 'आलो' दोन्ही टाळते. कुणाशी बोलायला लावू?

पेठेतली आत्या:
आम्ही मूळ कोल्हापूरचे. तिकडे बायकाही सर्रास 'मी जेवलो, मी आलो' म्हणतात, त्यामुळे भाचीचं बोलणं कधी कुणाला खटकलं नाही. अकरावीला क्लाससाठी ती माझ्याकडे पुण्याला आली आणि वर्गातल्या मुली हसायला लागल्या. मग बोलणंच बदललं. 'मला भूक नाही.' 'माझं झालं.' 'मला निघायचंय.' महिनाभराने माझ्या डोक्यात प्रकाश पडला, की पोर 'आले' आणि 'आलो' दोन्ही चुकवतंय. दिवसभर, प्रत्येक वाक्यात! (मीही 'पोर' लिहून मोकळी झाले बघा.)

एका रात्री भांडी पुसता पुसता म्हणाली, "आत्या, मी मुलगी आहे असं आतून वाटतच नाही." मग मुलगा का, तर "तेही माहीत नाही". दादाने गावाकडे एका समुपदेशकबाईंकडे नेलं. त्या पाऊण तास आईवडिलांशीच बोलल्या. केस वाढवा, कानात काहीतरी घाला, लग्नानंतर सुरळीत होतं. बाराशे रुपये. आता ती कुणाकडेच यायला तयार नाही. झोप उडालीये, डबा अर्धा परत येतो. वय १७. मराठीत मोकळं बोलता येईल असं कुणी आहे का? तिच्यासारख्या मुलांचा एखादा गट?

सायन्सवाला काका:
अकरावीचा ताण आहे. बारावी होऊ द्या, आपोआप जाईल.

निशिगंध:
काका, झोप आणि जेवण गेलंय, बारावीची वाट कसली बघायची?

आत्या, मी समुपदेशनच करते, म्हणून स्पष्ट लिहिते. असं 'बदलवण्याचे' उपचार करणं हे डॉक्टरांसाठी व्यावसायिक गैरवर्तन आहे, असं राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये राज्यांच्या वैद्यक परिषदांना कळवलंय. पण ते नोंदणीकृत डॉक्टरांपुरतं. आमच्या धंद्यात पाटी कुणीही लावतं. म्हणून आधी फोनवरच विचारा, "मूल ट्रान्स निघालं तर तुम्ही काय करता?" (ट्रान्स म्हणजे जन्मावेळी ठरवलेलं लिंग आणि आतून वाटणारं लिंग जुळत नाही असं माणूस.) उत्तरात 'समजावू', 'वळवू' आलं की फोन ठेवा. क्विअर अफर्मेटिव्ह समुपदेशनाचं, म्हणजे अशा माणसाला न बदलता आहे तसं मानून बोलण्याचं, प्रशिक्षण घेतलंय का, हेही विचारा. मारीवाला हेल्थ इनिशिएटिव्ह ही संस्था असा कोर्स चालवते. टिसची (टाटा सामाजिक विज्ञान संस्था) 'आयकॉल' ही समुपदेशनाची हेल्पलाइन मराठीतही बोलते, ईमेलनेही उत्तर देते. रात्री-अपरात्री टेलिमानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन, १४४१६, फुकट.

घरी काय सांगणार आणि काय नाही, हे पहिल्याच भेटीत तिच्यासमोर ठरवून घ्या. आणि जीव द्यावासा वाटतो का, हे आजच सरळ विचारा. विचारल्याने डोक्यात भरत नाही. हो म्हणाली तर एकटं सोडू नका.

इचलकरंजीचं बेणं:
आत्या, 'ती' म्हणायचं का, हे विचारलंत का?

मला हे विचारणारं घरात कुणी नव्हतं. बहुतेक गटांच्या भेटींना वयाची अट १८ असते, तेव्हा वर्षभर तुमचं घर हाच गट समजा. मला त्या वयात वाचनालयातली मागची खुर्ची पुरली होती. तिथे कुणी नाव विचारायचं नाही. दादाला मात्र आत्ताच 'स्वीकार'कडे पाठवा. मुंबईत सुरू झालेला, आमच्यासारख्यांच्या आईबापांचा गट आहे. बापाला दुसऱ्या बापाचंच पटतं.

पेठेतली आत्या:
विचारलं. दोन्ही विचारलं. मरायचं वगैरे मनात नाही म्हणाली, "फक्त कंटाळा आलाय." 'ती'चं विचारल्यावर बराच वेळ गप्प. मग, "सध्या नुसती नावाने हाक मार." चुकतंय माझं, दहादा चुकलं असेल सकाळपासून.

फोन नको म्हणालं पोर. फोनवर 'बोलते' की 'बोलतो' ते लगेच ठरवावं लागतं, ईमेलमध्ये खोडता येतं. आता तासाभरापासून लॅपटॉप घेऊन गॅलरीत बसलंय. चहा ठेवून आले, स्क्रीनकडे बघितलं नाही. दादाला रविवारी बोलावलंय.