सुरुवातीला जुळलेले गायन शेवटी मागे पडते, आणि जोडांवर ‘टक’ असा आवाज येतो

नवशिका

नमस्कार. मी घरी संगणकावर गाणी ध्वनिमुद्रित करतो. सध्या एका ५ मिनिटांच्या गाण्याचे संपादन करताना दोन अडचणी आल्या असून गेले पंधरा दिवस मी त्यांतच अडकून पडलो आहे.

पहिली अडचण वेळेची आहे. गिटारचे ट्रॅक मी ऑडिओ इंटरफेसमधून (वाद्य किंवा माइक संगणकाला जोडणाऱ्या यंत्रातून) आधीच मुद्रित केले होते आणि ते एकमेकांशी नीट जुळतात. गायनासाठी मात्र यूएसबी मायक्रोफोन वापरला आणि हेडफोन संगणकाच्या जॅकला लावला. गायन गिटारच्या थोडे मागे पडलेले ऐकू आले, म्हणून संपूर्ण ट्रॅक सुमारे ४० मिलिसेकंद अलीकडे सरकवला. पहिले कडवे अगदी बरोबर बसले, परंतु शेवटचे कडवे येईपर्यंत गायन पुन्हा मागे पडते. शेवट जुळवला तर सुरुवात बिघडते. माझीच लय सुटत असेल अशा शंकेने मी तीन वेळा नव्याने गायलो, पण तिन्ही वेळा हेच झाले.

दुसरी अडचण जोडांची आहे. वेगवेगळ्या टेकमधील (एकेका वेळी गाऊन केलेल्या मुद्रणांमधील) चांगल्या ओळी कापून मी एकत्र जोडल्या आहेत आणि जोडाच्या ठिकाणी ‘टक’ असा बारीक आवाज येतो. लहर शून्यरेषेला छेदते तिथेच कापावे असे वाचले होते, तसे केले. काही जोडांवरचा आवाज गेला, काहींवरचा राहिला. क्लिक काढणारा इफेक्ट पूर्ण ट्रॅकवर लावला तेव्हा व्यंजनांचे उच्चार बोथट झाले. या दोन्ही अडचणींचे मूळ एकच आहे, की त्या वेगवेगळ्या आहेत?

कानसेन

त्या वेगवेगळ्या आहेत, आणि वेळेची अडचण आधी सोडवावी, कारण तिच्यामुळे सगळ्या जोडांच्या जागा बदलू शकतात.

तुमच्या वर्णनातच उत्तराची खूण आहे. इंटरफेसमधून वाजवलेले आणि त्याच इंटरफेसमधून मुद्रित केलेले गिटार जुळते, पण एका यंत्रातून ऐकून दुसऱ्या यंत्रात मुद्रित केलेले गायन जुळत नाही. प्रत्येक ध्वनियंत्रात स्वतःचे घड्याळ असते आणि सेकंदाला ४४,१०० किंवा ४८,००० सॅम्पल, म्हणजे ध्वनीचे क्षणोक्षणी घेतलेले नमुने, मोजण्याचे काम ते करते. दोन स्वतंत्र घड्याळे तंतोतंत सारखी चालत नाहीत. दर दहा लाख सॅम्पलमागे केवळ ५० चा फरक असला तरी मिनिटाला ३ मिलिसेकंद, म्हणजे ५ मिनिटांत १५ मिलिसेकंद इतके अंतर साचते. तुमचा मायक्रोफोन संगणकाच्या तुलनेत किंचित जलद मोजत असेल, तर त्याच गायनासाठी त्याच्याकडे जास्त सॅम्पल जमतात आणि ते परत वाजवताना लांबतात.

हा सॅम्पल रेट चुकीचा निवडल्याचा प्रकार नाही. ४८,००० ची फाइल ४४,१०० समजून वाजवली गेली असती, तर ५ मिनिटांचे गायन साधारण २६ सेकंदांनी लांबले असते आणि स्वरही जवळपास दीड अर्धस्वराने खाली उतरला असता. ते पहिल्याच ओळीत लक्षात आले असते.

तरीही अंदाजावर विसंबू नका, मोजून पाहा. मेट्रोनोमचे ठोके असलेला ५ मिनिटांचा ट्रॅक तयार करा, हेडफोन मायक्रोफोनला अगदी चिकटवून ठेवा आणि ते ठोके मुद्रित करा. नंतर सुरुवातीला, मधे आणि शेवटी मूळ ठोका व मुद्रित ठोका यांतील अंतर मोजा. अंतर सगळीकडे सारखे असेल, तर तो केवळ बफरचा (ध्वनी पुढे जाण्यापूर्वी संगणकात जिथे क्षणभर साठतो त्या जागेचा) आणि ड्रायव्हरचा (यंत्र चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचा) विलंब आहे व एकदा सरकवल्याने तो मिटतो. ते हळूहळू समप्रमाणात वाढत असेल, तर दोष घड्याळांचा आहे. ते एखाद्या जागी एकदम उडी मारत असेल, तर मुद्रणाच्या वेळी संगणकाकडून काही सॅम्पल गळाले आहेत. अशा गळतीनंतरचा भाग बहुधा मागे न पडता पुढे जातो आणि त्या जागी टकटक ऐकू येते, म्हणून कापण्यापूर्वीच्या मूळ टेकमध्येही असे आवाज आहेत का, हे अवश्य तपासा. ते असतील तर बफर मोठा करावा लागेल.

लहरी

जोडांबद्दल मी लिहितो. शून्यरेषेवर कापण्याचा सल्ला चुकीचा नाही, पण तो अपुरा आहे. डावीकडच्या तुकड्याची लहर शून्यावरून वर चढत असताना उजवीकडची खाली उतरत असेल, तर रेषा जोडली जाते पण दिशा मोडते, आणि ते टोक कानाला जाणवते. स्टिरिओ ट्रॅकमध्ये तर दोन्ही वाहिन्या एकाच क्षणी शून्यावर असतील याची खात्रीच नसते. त्यामुळे प्रत्येक जोडावर छोटा क्रॉसफेड देणे, म्हणजे आधीचा तुकडा हळूहळू मिटवत त्यावरच पुढचा हळूहळू वर आणणे, हाच भरवशाचा उपाय आहे. श्वासात किंवा शांततेत केलेल्या जोडाला ५ ते १० मिलिसेकंद पुरतात; लांबवलेल्या स्वराच्या मधेच जोडावे लागले तर २० ते ५० मिलिसेकंद द्यावे लागतात.

त्याहून महत्त्वाची आहे ती कापण्याची जागा. ‘क’, ‘त’, ‘प’ यांसारख्या व्यंजनांच्या आधी क्षणभर आवाज थांबतो आणि त्या पोकळीत केलेला जोड सहसा कुणाला सापडत नाही. दोन ओळींमधला श्वास पूर्ण कापून तिथे कोरी शांतता ठेवू नये, कारण खोलीचा सूक्ष्म आवाज एकदम नाहीसा होतो आणि ‘टक’ नसतानाही जोड कळतो. गाणे सुरू होण्यापूर्वीची काही सेकंदांची निःशब्द खोली मुद्रित करून ठेवावी आणि असे खड्डे तिने भरावेत. क्लिक काढणारा इफेक्ट पूर्ण ट्रॅकवर लावू नये. व्यंजनांचा आरंभही त्याला क्लिकसारखाच दिसतो, म्हणूनच तुमचे उच्चार बोथट झाले. कंप्रेसर (आवाजातील लहानमोठेपणाचा फरक कमी करणारा इफेक्ट) आणि इतर सर्व इफेक्ट जोडकाम संपल्यावरच लावावेत.

वेळेच्या बाबतीत मात्र माझे मत असे की जोडलेला ट्रॅक बाजूला ठेवून मूळ टेकपासून सगळे पुन्हा करावे.

नवशिका

दोघांचेही मनापासून आभार. चाचणी केली. सुरुवातीच्या ठोक्याला ४३ मिलिसेकंद, अडीच मिनिटांवर ५५ आणि ५ मिनिटांवर ६७ असे अंतर निघाले. वाढ सरळ दिसते आणि मूळ टेकमध्ये कुठेही टकटक नाही. क्रॉसफेडने माझे जवळपास सगळे जोड स्वच्छ झाले. आता चाळीसहून अधिक तुकड्यांचे जोडकाम खरोखरच पुन्हा करावे लागेल का?

कानसेन

माझ्या मते करावे लागणार नाही. तुमचा फरक ३०० सेकंदांत २४ मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाला ०.०८ मिलिसेकंद आहे. एक ओळ साधारण १० सेकंदांची धरली तर तिच्या आत जेमतेम ०.८ मिलिसेकंद साचतात आणि ते कुणालाही ऐकू येणार नाहीत. म्हणून जोडलेल्या तुकड्यांपैकी प्रत्येक तुकडा मूळ मुद्रणातील त्याच्या जागेवरून त्याच्या वाट्याच्या अंतराने अलीकडे सरकवला की पुरे: ४३ अधिक त्याच्या सुरुवातीच्या सेकंदांना ०.०८ ने गुणून येणारी संख्या. दोन मिनिटांवर सुरू होणाऱ्या तुकड्यासाठी हे ५२.६ मिलिसेकंद होतात. यांतले ४० तुम्ही सर्वांसाठी आधीच सरकवलेले आहेत, तेवढे वजा करा. सरकवल्यानंतर क्रॉसफेड मात्र एकदा तपासून घ्या.

अखंड न कापलेला टेक असेल, तर ४३ मिलिसेकंद सरकवून त्याचा वेग ०.००८ टक्क्याने वाढवावा. तसे करताना स्वर कायम ठेवण्याचा पर्याय बंद ठेवा. तो सुरू असला की सॉफ्टवेअर ध्वनीचे बारीक तुकडे करून पुन्हा जुळवते आणि आवाजाला पाणचट झाक येते. वेगाबरोबर स्वरही बदलेल, पण तो बदल अर्धस्वराच्या शंभराव्या भागाचाही जेमतेम सातवा हिस्सा आहे.

नवशिका

या हिशोबाने पहिली तीन कडवी उत्तम बसली. शेवटचे कडवे मात्र आता गिटारच्या पुढे पळते आहे, अंदाजे २० मिलिसेकंदांनी. ते मी दुसऱ्या दिवशी वेगळे गायले होते. गाणे ४ मिनिटांवर आणून तिथूनच मुद्रण सुरू केले होते. मोजण्यात माझी काही चूक झाली असावी का?

कानसेन

तुमची काहीही चूक नाही, चूक माझ्या सूत्राच्या मांडणीत होती. घड्याळांमधला फरक मुद्रण सुरू केल्या क्षणापासून साचतो, गाण्याच्या आरंभापासून नव्हे. शेवटच्या कडव्याचे मुद्रण ४ मिनिटांवर सुरू झाले, त्यामुळे तिथे साचलेला फरक शून्य होता. सूत्रात २४० सेकंद धरल्याने १९.२ मिलिसेकंद जास्त सरकले, आणि तेवढेच ते पुढे पळते आहे. त्या टेकचे सेकंद त्याच्या स्वतःच्या सुरुवातीपासून मोजा.

आरंभीचे ४३ मिलिसेकंदही कायमचे गृहीत धरू नका. दोन वेगळी यंत्रे असली की प्रत्येक वेळी मुद्रण सुरू करताना ही संख्या थोडी बदलू शकते. म्हणून त्या कडव्याचा पहिला ठळक उच्चार गिटारच्या ठोक्याशी कानाने जुळवून पाहा.

लहरी

कानसेन यांचा सरकवण्याचा मार्ग माझ्या सल्ल्यापेक्षा सोपा ठरला, हे मान्य करतो. पुढच्या गाण्यासाठी एक सुचवतो. तुमच्या यूएसबी मायक्रोफोनवरच हेडफोनचा जॅक आहे का, ते पाहा. पुष्कळ मायक्रोफोनवर तो असतो. तो असल्यास सॉफ्टवेअरमध्ये इनपुट आणि आउटपुट दोन्हींसाठी तेच यंत्र निवडा, म्हणजे घड्याळ एकच राहील आणि वाढत जाणारा फरक उद्भवणारच नाही. जॅक नसेल आणि तुमचा संगणक मॅक असेल, तर त्यातल्याच ‘ऑडिओ मिडी सेटअप’ या ॲपमध्ये दोन्ही यंत्रांचे एक ‘ॲग्रिगेट डिव्हाइस’ (एकत्रित यंत्र) बनवून त्यातील एका यंत्राला ‘ड्रिफ्ट करेक्शन’ (घड्याळांतील फरक भरून काढणारी सोय) लावता येते. ब्लूटूथ हेडफोन मात्र गाताना वापरू नका, त्यांचा विलंब गाणाऱ्यालाच लयीतून बाहेर काढतो.

नवशिका

मायक्रोफोनच्या मागच्या बाजूला जॅक आहे. मी इतके दिवस त्याकडे पाहिलेच नव्हते. त्यातून तीच ठोक्यांची चाचणी पुन्हा केली आणि सुरुवातीचे, मधले व शेवटचे अंतर सारखेच, ३१ मिलिसेकंद, आले. शेवटचे कडवेही त्याच्या स्वतःच्या सेकंदांनुसार सरकवल्यावर गिटारशी नीट जुळले आहे.