शब्दचर्चा: 'फ्रूटी' साकेला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न
भारी साकेच्या (तांदळापासून केलेल्या जपानी मद्याच्या) वर्णनात 'फ्रूटी' हा शब्द सारखा येतो. मराठीत 'फळांची साके' चालेल का? आणि लेबलवरच्या 'जुनमाई दाइगिंजो, सेइमाईबुआई ४५%' याचा अर्थ काय लावायचा?

प्रतिसाद
'फळांची' नको. यात फळ नसतंच. तांदूळ, पाणी, कोजी बुरशी आणि यीस्ट, एवढंच. फळ मुरवलेलं पेय हवं असेल तर ते उमेशू, म्हणजे दारूत उमे हे फळ आणि साखर घालून केलेलं. 'फ्रूटी' तसंच ठेवलं तर आपल्याकडे आधी आंब्याचा खोका आठवतो. 'फळगंधी' लिहा.

या गंधाला जपानीत 'गिंजोका' म्हणतात. केळं-खरबुजासारखा वास आयसोअमाइल अ‍ॅसिटेटचा, सफरचंद-पेअरसारखा एथिल कॅप्रोएटचा. दोन्ही यीस्ट तयार करतं. तांदळाच्या बाहेरच्या थरातली असंतृप्त मेदाम्लं पहिल्याच्या निर्मितीत आडवी येतात, म्हणून तो थर काढायचा. शिवाय आंबवण १० अंशांच्या आसपास महिनाभर रेंगाळत ठेवायची. ऊब वाढली की वास उडून जातो.

प्रतिसाद
सेइमाईबुआई, म्हणजे घासल्यावर तांदळाचा किती भाग उरला त्याचं प्रमाण. यात हमखास गफलत होते. ४५% म्हणजे *उरलेला* दाणा. ५५% भुसा होऊन गेला. गिंजो आणि दाइगिंजो हे साकेचे दर्जे: गिंजोला ६०% किंवा कमी, दाइगिंजोला ५०% किंवा कमी. मराठीत 'सडीक' आहेच की! फक्त 'सडलेला तांदूळ' लिहू नका, वाचणारा नाक मुरडेल.

प्रतिसाद
'सडीक'ला माझा विरोध. सडणं म्हणजे उखळात कांडणं. त्याने इतका बारीक दाणा फुटून कणीच होईल. इथे फिरत्या दगडी चाकावर दाणा हळूहळू घासतात, दाइगिंजोसाठी दोन-दोन दिवस. 'घासून ४५% उरलेला' हेच नेमकं.

'जुनमाई'चं भाषांतर 'शुद्ध' असं करू नये. तसं केलं की बाकीच्या भेसळीच्या ठरतात. जुनमाई म्हणजे वरून मद्यार्क न घातलेली. नुसत्या 'दाइगिंजो'त तो थोडा घालतात, तांदळाच्या वजनाच्या १०% पर्यंतच, आणि तोही गाळण्याआधी. गंधद्रव्यं मद्यार्कात विरघळतात, त्यामुळे ती चोथ्यात न अडकता साकेत उतरतात.

प्रतिसाद
शीर्षकात 'साके' बरोबर. 'साकी' म्हणजे पेला भरून देणारा, पेय नव्हे.

प्रतिसाद
'फळगंधी' म्हणजे 'गोड' असंही समजू नये. गोडी बघायची तर 'निहोन्शुदो' हा आकडा: उणे असेल तर साधारण गोडीकडे, अधिक असेल तर कोरडी. आम्लता जास्त असली की तोच आकडा आणखी कोरडा लागतो. आणि वासाला दोन शब्द आहेत: 'उवादाचिका', म्हणजे पेला नाकाशी नेल्यावर येणारा, आणि 'फुकुमिका', घोट तोंडात घोळवल्यावर पसरणारा. मराठीत 'वरचा वास' आणि 'तोंडातला वास' पुरे.

प्रतिसाद
वापराचं एक. 'साके गरम प्यायची' हे सरसकट विधान दाइगिंजोला लावू नका. १० अंशांना 'हानाबिए', १५ ला 'सुझुबिए' म्हणतात. या दोहोंच्या मधे प्यावी. ५ च्या खाली वास मिटतो, कढत केली तर उडतो. पेला तोंडाशी निमुळता, वाइनचा चालतो, अर्ध्याहून कमी भरलेला. लेबलवर 'नामा' असेल तर ती टिकावी म्हणून कारखान्यात तापवलेली नसते, म्हणजे फ्रिजमध्येच ठेवायची. पारदर्शक बाटली उन्हात राहिली की कुबट वास धरते. उघडलेली बाटली फ्रिजमध्ये उभी ठेवा आणि आठवडाभरात संपवा.