मदत हवी आहे: बाईकच्या व्ही-ट्विन (व्ही आकारात दोन सिलिंडर) इंजिनच्या फक्त मागच्या सिलिंडरचा स्पार्क प्लग पांढरा पडतोय
घरीच बांधलेली क्रूझर आहे: ४५ अंशांचं व्ही-ट्विन इंजिन, दोन्ही सिलिंडरना मिळून एकच सीव्ही (इंजिनच्या ओढीने स्लाइड उचलली जाणारा) कार्ब्युरेटर. फ्री-फ्लो सायलेन्सर आणि ओपन एअर फिल्टर बसवल्यापासून थ्रॉटल सोडला की फटफट आवाज येतो. पुढचा प्लग छान तपकिरी, मागचा खडूसारखा पांढरा, म्हणजे तिथे पेट्रोल कमी, हवा जास्त. प्लग आपसांत बदलले, तरी मागचाच पांढरा. मेन जेट (कार्ब्युरेटरमधलं पेट्रोलचं मुख्य छिद्र) दोन नंबर वाढवला, एक्झॉस्टचे गॅस्केट नवे टाकले. कॉम्प्रेशन दोन्हीकडे सारखं आहे. थंड इंजिनवर मॅनिफोल्डभोवती (कार्ब्युरेटर ते सिलिंडर जोडणारी नळी) कार्ब क्लीनर मारला, आयडल (थ्रॉटल न देता इंजिनचा वेग) जराही हललं नाही, म्हणजे थंड असताना तरी हवेची गळती दिसली नाही. गरम इंजिनवर मारायची भीती वाटते. डायनो (गाडी रोलरवर चालवून तपासायचं यंत्र) उपलब्ध नाही आणि पिस्टन जाळायचा नाहीये, म्हणून गाडी सध्या उभीच आहे. गरम झाल्यावरच हवा ओढणारं मॅनिफोल्ड सील घरी सुरक्षितपणे कसं पकडायचं, की आधी कार्ब्युरेटरची नीडल (मधल्या थ्रॉटलला पेट्रोल किती जातं ते ठरवणारी सुई) उचलून बघू?