आउटलुकमधील मेलवर्गवारीचे रूल एक्सेलच्या यादीवरून मॅक्रोने तयार करता येतील का?

प्रश्न : निर्यात विभाग, अक्कलकोट रोड एमआयडीसी, सोलापूर

नमस्कार. अक्कलकोट रोड एमआयडीसीतील एका टेरी टॉवेल कारखान्याच्या निर्यात विभागात मी पत्रव्यवहाराचे काम पाहते. आमच्या विभागाचा मेल पत्ता एकच आहे. त्यामुळे परदेशी खरेदीदारांच्या ऑर्डर आणि त्यांतील दुरुस्त्या, लॅब डिपच्या (रंगवलेल्या लहान नमुन्यांच्या) रंगमान्यता, सूतगिरण्यांची दरपत्रके, न्हावाशेवा येथील कस्टम एजंटांचे शिपिंग बिलाविषयीचे मेल आणि बँकेकडून येणारी एलसीची (पतपत्राची) कागदपत्रे हे सारे एकाच इनबॉक्समध्ये येऊन पडते. प्रत्येक खरेदीदाराकडून मर्चंडायझर, गुणवत्ता तपासणीस आणि एजंट असे वेगवेगळ्या पत्त्यांवरून मेल येतात. ही माणसे बदलत राहतात आणि माणूस बदलला की रूल (आलेला मेल ठरलेल्या फोल्डरमध्ये टाकणारा नियम) उघडून पत्ता बदलावा लागतो.

पत्ता कोणता आणि त्याचा मेल कोणत्या फोल्डरमध्ये जावा, याची दोन रकान्यांची यादी माझ्याकडे एक्सेलमध्ये तयार आहे. यादीत बदल करून एक बटण दाबले की आउटलुकमधील रूल आपोआप सुधारले जावेत, अशी माझी अपेक्षा आहे. याशिवाय तीन अडचणी आहेत. हाताने रूल वाढवत गेल्यावर आता सर्व्हरवर जागा पुरत नसल्याचा संदेश येतो. काही मेल दोन फोल्डरांत दिसतात. सर्वांत गंभीर गोष्ट म्हणजे गेल्या आठवड्यात एका बाथ टॉवेलचे वजन ४५० ऐवजी ५०० जीएसएम (दर चौरस मीटरला ग्रॅम) करावे, अशी दुरुस्ती एजंटाच्या पत्त्यावरून आली आणि रूलप्रमाणे ती थेट मालवाहतुकीच्या फोल्डरमध्ये गेली. ती कोणाच्या नजरेस पडेपर्यंत मागावर विणकाम सुरू झालेले होते. आमच्याकडे विंडोजवरील जुन्या रूपातील आउटलुक आहे आणि मेलसेवा मायक्रोसॉफ्ट ३६५ ची आहे. कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर : लेखापाल, साखर पेठ

मॅक्रोकडे (लिहून ठेवलेली कामे आपोआप करणाऱ्या छोट्या प्रोग्रामकडे) वळण्यापूर्वी सध्याचे रूल निर्यात करून ठेवावेत. रूल्स अँड अलर्ट्सच्या खिडकीत ऑप्शन्समध्ये एक्सपोर्ट रूल्स हा पर्याय आहे. त्यातून आरडब्ल्यूझेड प्रकारची फाइल मिळते आणि काही बिघडल्यास तीच फाइल पुन्हा आयात करता येते. पत्ते थोडेच असते तर ब्राउझरमधील आउटलुकवर हाताने रूल करणे पुरले असते, पण आपल्या वर्णनावरून यादी मोठी दिसते आणि ती वारंवार बदलणार आहे, म्हणून मॅक्रोचा विचार योग्यच आहे.

उत्तर : संगणक प्रशिक्षक, होटगी रोड

ताई, आपल्याला हवे तसे करता येते आणि यादी एक्सेलमध्ये असल्यामुळे कामाचा किचकट भाग आधीच झालेला आहे. मात्र एक निवड सुरुवातीलाच करावी लागेल. आलेला प्रत्येक मेल मॅक्रोने स्वतः उचलून फोल्डरमध्ये ठेवावा, हा एक मार्ग झाला. मॅक्रोने फक्त रूल तयार करावेत आणि वर्गवारी मेलसर्व्हरने करावी, हा दुसरा. आपण दुसरा मार्ग घ्यावा, असे मी आग्रहाने सांगेन. पहिल्या मार्गात आपला संगणक चालू आणि आउटलुक उघडे असल्याशिवाय काहीच घडत नाही. अमेरिकेतील खरेदीदाराचे मेल आपल्याकडे रात्री येतात. वीज गेलेली असो वा सिद्धेश्वर यात्रेची सुट्टी असो, सर्व्हरवरचा रूल आपले काम करत राहतो.

जागेच्या संदेशाचे कारण असे आहे की, प्रत्येक मेलबॉक्सच्या रूलसाठी सर्व्हरवर ठरावीक जागा असते. जुन्या एक्स्चेंज सर्व्हरवर ती मूळ मांडणीत ६४ केबी असे आणि मायक्रोसॉफ्ट ३६५ मध्ये ती २५६ केबीपर्यंत असते. रूलचे नाव, अटी आणि कृती हे सर्व त्याच जागेत मावावे लागते. प्रत्येक पत्त्यासाठी स्वतंत्र रूल केला की तीच फोल्डरची माहिती पुन्हा पुन्हा साठवली जाते. म्हणून एका फोल्डरसाठी एकच रूल ठेवावा आणि त्या फोल्डरचे सर्व पत्ते त्याच रूलच्या अटीत एकत्र द्यावेत. मॅक्रोची सारी रचना या एका गोष्टीभोवती करावी. तरीही संदेश येत राहिला, तर आपल्या मेलसेवेच्या प्रशासकाला मेलबॉक्सची रूल्सकोटा ही मर्यादा तपासण्यास सांगावे.

मॅक्रो आउटलुकमध्ये न लिहिता त्याच एक्सेल फाइलमध्ये लिहावा. आउटलुकमधील सर्व मॅक्रो एकाच लपलेल्या प्रकल्प फाइलमध्ये साठतात आणि संगणक बदलताना ती हमखास मागे राहते. याउलट एक्सेलची मॅक्रोसहित फाइल यादीसकट कोठेही ठेवता येते. एक्सेलमध्ये ऑल्ट आणि एफ ११ दाबून संपादक उघडावा आणि टूल्समधील रेफरन्सेसमध्ये आउटलुकच्या ऑब्जेक्ट लायब्ररीवर खूण करावी. त्यामुळे लिहिताना प्रत्येक घटकाची नावे आपोआप समोर येतात.

कामाचा क्रम पुढीलप्रमाणे राहील. प्रथम सेशनच्या डीफॉल्टस्टोअरवर (मुख्य मेलबॉक्सवर) गेटरूल्स हे फंक्शन चालवून सध्याच्या रूलचा संच मिळवावा. हे फंक्शन आउटलुक २००७ पासून उपलब्ध आहे. मॅक्रोने केलेल्या प्रत्येक रूलच्या नावाच्या सुरुवातीला एक ठरावीक खूण ठेवावी आणि पुढच्या वेळी केवळ त्या खुणेचे रूल काढून टाकावेत, म्हणजे आपण हाताने केलेल्या रूलला धक्का लागणार नाही. काढताना शेवटच्या क्रमांकापासून पहिल्याकडे यावे, कारण वरून खाली जाताना एक काढला की पुढचे सरकतात आणि एकाआड एक सुटून जातात. त्यानंतर यादी फोल्डरनुसार गोळा करून प्रत्येक फोल्डरसाठी क्रिएटने नवा रूल करावा आणि त्याचा प्रकार येणाऱ्या मेलसाठीचा ठेवावा. अटीसाठी सेंडरअ‍ॅड्रेस हा घटक घ्यावा. त्याची अ‍ॅड्रेस ही प्रॉपर्टी एकटा शब्द स्वीकारत नाही, तिला अ‍ॅरेच (मूल्यांची यादी) द्यावा लागतो, मग पत्ता एक असला तरी. नंतर मूव्हटूफोल्डरमध्ये फोल्डर द्यावा. अट आणि कृती या दोन्हींचे एनेबल्ड ‘ट्रू’ करण्यास विसरू नये, कारण पुष्कळांचे काम नेमके येथेच अडते. सर्व रूल तयार झाल्यावर सेव्ह एकदाच करावे. ते प्रत्येक रूलनंतर केले तर दर वेळी सर्व्हरशी देवाणघेवाण होते आणि मंद इंटरनेटवर मॅक्रो अडकून बसल्यासारखा वाटतो. मॅक्रो चालवताना रूल्सची खिडकी बंद असावी.

सेंडरअ‍ॅड्रेस ही अट पत्त्यातील अक्षरांचा तुकडा जुळवते, त्यामुळे ‘@’ या चिन्हासह केवळ डोमेन दिले तरी त्या कंपनीतील सर्वांचे मेल पकडले जातात. माणसे बदलण्याचा आपला त्रास येथे बराचसा संपेल. जे एजंट जीमेलसारखा सार्वजनिक पत्ता वापरतात, त्यांचा मात्र पूर्ण पत्ताच द्यावा. यादीतील रिकामे घर अ‍ॅरेमध्ये जाऊ देऊ नये आणि पत्त्याच्या मागेपुढे राहिलेल्या मोकळ्या जागा ट्रिमने काढाव्यात. हे पत्ते बहुधा मेलमधून उचलून यादीत चिकटवलेले असतात आणि त्यांच्यासोबत अशी जागा हमखास येते.

एक मेल दोन फोल्डरांत दिसतो, कारण तो दोन रूलच्या अटींत बसतो आणि दोन्ही रूल आपापली प्रत हलवतात. प्रत्येक रूलमध्ये पुढील रूल थांबवण्याची स्टॉप ही कृती जोडावी. मग क्रमाला महत्त्व येते. क्रिएटने केलेला नवा रूल यादीत सर्वांत वर बसतो, म्हणून एक्सेलमधील क्रम जसाच्या तसा हवा असेल, तर यादी खालून वर वाचावी.

शेवटी प्रत्येक रूलची इझलोकलरूल ही प्रॉपर्टी वाचून शीटमध्ये नोंदवावी. उत्तर ‘ट्रू’ आले तर तो रूल सर्व्हरवर चालत नसून फक्त आपल्या संगणकावर चालतो. फोल्डर पीएसटी फाइलमध्ये (आपल्याच संगणकावर मेल साठवणाऱ्या फाइलमध्ये) असेल तर असे होणारच, तेव्हा फोल्डर मेलबॉक्समध्येच असावेत. इनबॉक्समध्ये आधीच साचलेल्या मेलसाठी रूलवर एक्झिक्यूट चालवता येते आणि ते केवळ न वाचलेल्या किंवा केवळ वाचलेल्या मेलपुरते मर्यादित ठेवण्याची सोय आहे. पहिल्या वेळी वाचलेल्या मेलवरच चालवून पाहावे.

उत्तर : जुन्या मिलमधील निवृत्त निर्यात व्यवस्थापक, रेल्वे लाईन्स

मॅक्रोविषयी वर सविस्तर आलेच आहे. मला आपल्या ५०० जीएसएमच्या दुरुस्तीविषयी लिहावेसे वाटते, कारण माग सुरू झाल्यानंतर कळलेल्या दुरुस्तीची किंमत सुतात आणि वेळेत मोजावी लागते आणि जहाजाची तारीख आपल्यासाठी थांबत नाही. आपली यादी ‘कोणाचा मेल कोठे जावा’ या प्रश्नावर उभी आहे. त्याआधी ‘कोणता मेल इनबॉक्समधून हलताच कामा नये’ हे ठरवावे. दरपत्रके, जाहिराती, पोर्टलच्या आपोआप येणाऱ्या सूचना आणि बँकेची मासिक विवरणे खुशाल फोल्डरमध्ये जाऊ द्यावीत. खरेदीदार आणि त्याच्या वतीने बोलणारा एजंट यांचा मेल माणसाने वाचेपर्यंत समोरच राहिला पाहिजे. तो वाचून, संबंधित खात्याला कळवून झाल्यावर हाताने फोल्डरमध्ये टाकायला क्षणभरच लागतो. आमच्या काळी टेलेक्स आणि फॅक्सचे कागदसुद्धा मर्चंडायझरची सही झाल्याशिवाय फायलीला लागत नसत आणि तो शिरस्ता मेललाही तितकाच लागू आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

पुढील प्रश्न : निर्यात विभाग, अक्कलकोट रोड एमआयडीसी

आपणा सर्वांची मी मनापासून आभारी आहे. डोमेननुसार एकत्र केल्यावर जागेचा संदेश बंद झाला आणि दुहेरी मेलही थांबले. व्यवस्थापक साहेबांची सूचना पटते, पण आमचे काही एजंट मालवाहतूक आणि ऑर्डर या दोन्ही विषयांचे मेल एकाच पत्त्यावरून पाठवतात. त्यांचे सगळेच मेल इनबॉक्समध्ये ठेवले तर पुन्हा गर्दी होते. दुसरी अडचण अशी की, ‘सूत खरेदी’ आणि ‘रंगमान्यता’ अशी आमच्या फोल्डरांची नावे मराठीत आहेत. ती मॅक्रोमध्ये लिहिली की त्यांच्या जागी प्रश्नचिन्हे उमटतात आणि फोल्डर सापडत नाही.

उत्तर : सॉफ्टवेअर विकासक, जुळे सोलापूर

पहिल्या अडचणीवर उपाय असा की, सर्वांत वर एक असा रूल ठेवावा जो मेल हलवतच नाही. त्याची अट विषयाच्या ओळीवर असावी. सब्जेक्ट या घटकाच्या टेक्स्टमध्ये रिव्हाइज्ड, अमेंडमेंट, चेंज, अर्जंट असे शब्द, आपले खरेदीदार इंग्रजीत ज्या रूपात लिहितात त्याच रूपात, अ‍ॅरे करून द्यावेत आणि कृती म्हणून केवळ स्टॉप ठेवावी. असा मेल इनबॉक्समध्येच थांबतो, कारण खालचे रूल त्याच्यापर्यंत पोहोचत नाहीत. हे शब्दसुद्धा एक्सेलच्या वेगळ्या शीटवर ठेवावेत, म्हणजे कोणी नवी शब्दयोजना वापरू लागला की भर घालणे सोपे जाईल. याच्या जोडीला न वाचलेल्या मेलचा सर्च फोल्डर तयार करून तो फेव्हरिट्समध्ये ठेवावा, म्हणजे कोणत्याही फोल्डरमधील न वाचलेला मेल एकाच ठिकाणी दिसतो. विषयाची ओळ न बदलता जुन्याच मेलला उत्तर म्हणून दुरुस्ती पाठवणारे लोक असतातच आणि त्यांच्यासाठी हा सर्च फोल्डर अत्यावश्यक आहे.

यापुढे कधी ऑर्डर क्रमांकानुसार वर्गवारी करावीशी वाटली, तर तेथे रूल अपुरे पडतात, कारण त्यांना क्रमांकाचा नमुना ओळखता येत नाही. त्यासाठी आउटलुकमध्ये न्यूमेलएक्स या इव्हेंटवर (नवा मेल येण्याच्या घटनेवर) कोड लिहावा लागतो आणि तो आउटलुक उघडे असतानाच चालतो. रूलमधून स्क्रिप्ट चालवण्याचा जुना पर्याय २०१७ च्या सुरक्षा सुधारणांमध्ये बंद करण्यात आला. रजिस्ट्रीत बदल करून तो पुन्हा चालू करता येतो, परंतु कार्यालयीन संगणकावर तसे करू नये. तसेच नव्या रूपातील आउटलुकमध्ये व्हीबीए (मॅक्रो लिहिण्याची भाषा) चालत नाही. कोपऱ्यातील ‘नवे आउटलुक वापरून पाहा’ हे बटण कोणी दाबले तर मॅक्रो त्याच्याशी बोलू शकणार नाही. सर्व्हरवर आधीच तयार झालेले रूल मात्र तेव्हाही चालू राहतील आणि हा आपण निवडलेल्या मार्गाचा आणखी एक फायदा आहे.

प्रश्नचिन्हांचे कारण व्हीबीएच्या संपादकात आहे. त्याला देवनागरी अक्षरे थेट लिहिलेली समजत नाहीत, मात्र व्हीबीएच्या आतील अक्षरमालिका युनिकोडच असते. म्हणून कोडमध्ये एकही मराठी शब्द लिहू नये. फोल्डरचे नाव शीटच्या घरातून वाचून सरळ फोल्डर्सच्या संचाला द्यावे, म्हणजे ‘सूत खरेदी’ अचूक सापडेल. तपासणीसाठी मेसेज बॉक्स वापरला तर तेथेही प्रश्नचिन्हेच दिसतील आणि कोड चुकला असा गैरसमज होईल, त्याऐवजी तिसऱ्या रकान्यात प्रत्येक ओळीसमोर ‘फोल्डर मिळाला’ किंवा ‘मिळाला नाही’ अशी नोंद करून घ्यावी. ही वाक्येसुद्धा शीटवरील एका घरात लिहून तेथून घ्यावीत. न मिळालेल्या नावांत बहुधा ऱ्हस्व-दीर्घाचा फरक किंवा शेवटी राहिलेली मोकळी जागा आढळेल.