व्हॅलिडेटर पास म्हणजे साइट चांगली का?

सातरस्ता: परवा टॅगबंद यांनी लिहिलं, "ज्याचं पान व्हॅलिडेटरमध्ये पास होत नाही, त्यानं आपली साइट लोकांना दाखवूच नये. निव्वळ आळशीपणा." लैच लागलं, म्हणून सविस्तर लिहितो. (व्हॅलिडेटर म्हणजे पानाचा कोड नियमात बसतो का ते तपासणारं साधन.) माझ्या पानावर सोलापूरच्या सिद्धरामेश्वरांच्या 68 लिंगांचे फोटो आहेत. ऑल्ट, म्हणजे फोटोत काय आहे ते सांगणारा मजकूर, नव्हता, तर 68 एरर. सगळीकडं 'फोटो' असं टाकलं, एरर गायब! ही यांची परीक्षा. 2000 साली एक्सएचटीएमएल, म्हणजे पान लिहायच्या एचटीएमएल भाषेचं कडक रूप, आलं तेव्हा प्रत्येक बीआरला, म्हणजे ओळ तोडायच्या टॅगला, तिरकी रेघ द्यायला लावली. आता तोच व्हॅलिडेटर म्हणतो, रेघेचा काही उपयोग नाही. मजकूर मधोमध आणणारा सेंटर टॅग बाद, फॉन्ट टॅग बाद. ब्राउझर मुकाट दाखवतो की सगळं!

टॅगबंद: दाखवतो, कारण चुकलेलं पान कसं सावरून घ्यायचं हेही एचटीएमएल5 च्या स्टँडर्डमध्येच लिहिलंय. ज्याला शिव्या देताय त्याच्याच जिवावर तुमचं पान उभं आहे. आणि ज्याला दिसत नाही त्यानं पान वाचून दाखवणाऱ्या स्क्रीन रीडरवर 68 वेळा 'फोटो, फोटो' ऐकायचं? व्हॅलिडेटरला फसवलंत, वा!

चाटीगल्ली: ते असू दे. मार्की, ती सरकती पट्टी, का बाद केली ते सांगा आधी. गड्ड्याच्या जत्रेच्या तारखा सरकत जायच्या, काय वाईट होतं त्यात?

हातमाग: तुमचं ऑल्टचं दुखणं किरकोळ आहे. वडिलांच्या कविता मी 2003 मध्ये साइटवर टाकल्या, इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवलेल्या जुन्या फॉन्टात. आज मोबाइलवर उघडल्या तर इंग्रजी अक्षरांचा नुसता चिवडा. व्हॅलिडेटरला विचारलं, एकही एरर नाही! त्याच्या लेखी ते पान एकदम शुद्ध.

टॅगबंद: हा दोष फॉन्टचा. देवनागरी 1991 पासून युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला ठरलेला क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, आहे. 2003 मध्ये तो फॉन्ट घ्या म्हणून कोण मागं लागलं होतं?

हातमाग: कोण म्हणजे? घरी विंडोज 98 होतं. युनिकोडचा मंगल फॉन्ट आला विंडोज 2000 बरोबर, आणि नवा कॉम्प्युटर घ्यायला पैसे तुम्ही देणार होता का? डीटीपीवाल्यानं जो फॉन्ट दिला त्यात टाइप केलं. आता युनिकोडात बदलणारा कन्व्हर्टर लावला तर वेलांटी भलत्याच अक्षरावर. जुन्या फॉन्टात पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप व्हायची, युनिकोडात नंतर. रफाराचं उलटं. वडील आता नाहीत, मूळ वही पावसात गेली. कुठली ओळ बरोबर, हे विचारायचं कुणाला?

चाटीगल्ली: आमच्या घरात तेलुगू, दुकानात मराठी, सासरवाडीला कन्नड. पानावर तिन्ही आहेत. प्रत्येक तुकड्याला वेगळा लँग, म्हणजे भाषा कुठली ते सांगणारी खूण, लावा म्हणे. येडं करतील बे हे लोक.

टॅगबंद: लावाच. नाहीतर मराठीचा आवाज तुमची कन्नड वाचायला जाईल. आणि हातमाग, मी आळशी म्हटलं ते तुम्हाला नव्हतं.

सातरस्ता: म्हणजे मलाच! बरं महाराज, लिंगांची नावं टाकतो ऑल्टमध्ये, तेवढं तुमचं खरं. सेंटर मात्र काढणार नाही.

हातमाग: माझ्या वेलांटीचं काय?

टॅगबंद: एक पान पाठवा, कन्व्हर्टरच्या आधीचं. बघतो.

चाटीगल्ली: आणि मार्की?