झिंक प्लेटिंग : आर.ओ. बसवण्याआधी धुण्याचे पाणी कमी करता येईल का?

प्रश्न (कारखानाचालक, भोसरी)

नमस्कार. भोसरी एमआयडीसीत आमचा झिंक प्लेटिंगचा, म्हणजे लोखंडी भागांवर जस्ताचा थर चढवण्याचा, लहान कारखाना आहे. नटबोल्ट आणि वॉशर बॅरलमध्ये (फिरत्या, भोके असलेल्या पिंपात), तर मोठे ब्रॅकेट जिगवर (चौकटीवर) टांगून प्लेट होतात. बाथ (प्लेटिंगचे द्रावण) अल्कलाइन असून त्यात सायनाइड नाही. पिवळ्या पॅसिव्हेशनसाठी (जस्तावरच्या गंजरोधक लेपासाठी) मात्र काही ग्राहकांच्या आग्रहामुळे अजूनही हेक्साव्हॅलंट क्रोम (क्रोमियमचे विषारी रूप) वापरावे लागते. उन्हाळ्यात टँकरशिवाय भागत नाही आणि काम वाढल्यापासून आमच्या ईटीपीची (सांडपाणी शुद्धीकरण यंत्रणेची) क्षमताही अपुरी पडते. एका यंत्रविक्रेत्याने आर.ओ. (पडद्यातून दाबाने पाणी गाळणारे यंत्र) आणि त्यापुढे बाष्पीभवन यंत्र बसवून सगळे पाणी परत वापरण्याचा प्रस्ताव दिला आहे, परंतु त्यासाठी मोठे कर्ज काढावे लागेल. हा खर्च आता करावा की आधी काही वेगळे करण्यासारखे आहे? दुसरी शंका अशी, की पाणी कमी वापरले तर सांडपाण्यातील धातूंचे प्रमाण वाढून आम्ही प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या मर्यादेबाहेर जाणार नाही ना?

उत्तर १ (प्लेटिंग लाइनची आखणी करणारा अभियंता)

कर्जाच्या कागदांवर सही करण्यापूर्वी प्रत्येक धुण्याच्या टाकीच्या नळावर पाण्याचे मीटर बसवा आणि पंधरा दिवस रोजची नोंद ठेवा. आपल्याकडील बहुतेक लाइनमध्ये पाणी प्लेटिंगला नव्हे, तर प्लेटिंगनंतरच्या धुण्याला लागते, आणि किती लागते हे टाक्यांची मांडणी ठरवते.

हिशेब असा आहे. बाथमधून मालाबरोबर तासाला ५ लिटर द्रावण बाहेर येते असे धरू; यालाच आपण ड्रॅग-आउट म्हणतो. मालावरचे द्रावण हजारपट पातळ व्हावे अशी अपेक्षा असेल, तर एकाच वाहत्या टाकीत तासाला ५,००० लिटर पाणी सोडावे लागते. तेच काम दोन टाक्यांच्या काउंटरफ्लोने, म्हणजे माल एका दिशेने आणि पाणी उलट दिशेने नेऊन केले, तर हजाराचे वर्गमूळ सुमारे ३२ असल्यामुळे साधारण १६० लिटर पुरतात. तीन टाक्या असतील तर घनमूळ १०, म्हणून ५० लिटर. हे आकडे पाणी पूर्ण मिसळते असे गृहीत धरून आहेत. बॅरलमध्ये वॉशरच्या थरांत द्रावण अडकते, त्यामुळे तुम्हाला यापेक्षा बरेच जास्त पाणी लागेल आणि टाकीत हवेने ढवळण्याची सोयही करावी लागेल. तरीही फरक इतका मोठा आहे, की नवी टाकी घ्यायला जागा नसेल तर असलेल्या टाकीत मधोमध पार्टिशन घालणेसुद्धा फायद्याचे ठरते.

त्याच्याही आधीचे काम निथळण्याचे. बॅरल बाथच्या वर २०-३० सेकंद थांबवून सावकाश फिरवा, जेणेकरून द्रावण बाथमध्येच परत पडेल. ड्रॅग-आउट निम्मे झाले की धुण्याचे पाणीही निम्मे होते, शिवाय रसायन वाचते आणि ईटीपीवरचा भार उतरतो. हा एकच बदल असा आहे, की त्याला यंत्र लागत नाही, फक्त बॅरल चालवणाऱ्या कामगाराला त्याचे कारण नीट समजावून सांगावे लागते.

आणखी एक उपाय. पिकलिंगनंतरच्या (आम्लाने गंज काढल्यानंतरच्या) धुण्याच्या टाकीतले आम्लयुक्त पाणी सोडून न देता डीग्रीसिंगनंतरच्या (अल्कलीने तेल-ग्रीस काढल्यानंतरच्या) धुण्याच्या टाकीत घ्या. त्या मालावरचा अल्कलीचा बुळबुळीत थर आम्लामुळे लवकर सुटतो आणि माल पुढे पिकलिंगमध्येच जाणार असल्यामुळे त्याचे नुकसान होत नाही. एकच पाणी दोनदा वापरले जाते.

उत्तर २ (सांडपाणी प्रयोगशाळेतील रसायनतज्ज्ञ)

वरील शेवटच्या सूचनेला एक इशारा जोडणे माझे कर्तव्य आहे. ज्या लाइनमध्ये सायनाइड बाथ आहे, तिथे आम्लाचे पाणी सायनाइडच्या पाण्याला कोणत्याही नाल्यातून मिळता कामा नये. त्यातून हायड्रोजन सायनाइड वायू निघतो आणि तो जीव घेतो. प्रश्नकर्त्यांकडे सायनाइड नाही, पण हे वाचणाऱ्या दुसऱ्या कोणाकडे असू शकते.

आता मर्यादांविषयीची शंका. प्लेटिंग उद्योगाच्या सांडपाण्यात हेक्साव्हॅलंट क्रोम लिटरमागे ०.१ मिलिग्रॅम, एकूण क्रोमियम २ मिलिग्रॅम आणि जस्त ५ मिलिग्रॅमपेक्षा अधिक नसावे. पाणी वाढवून हे आकडे गाठणे म्हणजे शुद्धीकरण नव्हे. विरळ झाले तरी धातू तितक्याच वजनाने नदीत जातो. उलट पाणी कमी झाले की तुमच्या सध्याच्याच टाक्यांत ते जास्त वेळ थांबते, रासायनिक क्रिया पूर्ण होते आणि गाळही नीट बसतो.

मात्र एक चूक टाळा. रसायनाचा डोस पाण्याच्या लिटरवर नव्हे, धातूच्या वजनावर ठरतो. १ किलो हेक्साव्हॅलंट क्रोमसाठी गणिताने सुमारे पावणेतीन किलो सोडियम मेटाबायसल्फाइट लागते, प्रत्यक्षात त्याहून थोडे अधिक. पाणी कमी झाल्यावर डोसिंग पंपाची जुनीच सेटिंग लिटरच्या प्रमाणात खाली आणली, तर क्रोम तसेच पुढे निघून जाईल.

क्रोमचे पाणी जस्ताच्या पाण्यात मिसळू देऊ नका. त्याचा वेगळा नळ आणि वेगळी टाकी हवी. तिथे पीएच (आम्लतेचे माप; आकडा जितका कमी तितके पाणी आम्लयुक्त) २ ते ३ वर आणून मेटाबायसल्फाइट घाला. पिवळा रंग जाऊन हिरवट झाला म्हणजे क्रोम ट्रायव्हॅलंट (कमी विषारी रूपातले) झाले. खात्री डोळ्यांवर न ठेवता चाचणीने करा. त्यानंतरच ते जस्ताच्या पाण्यात मिसळून चुना किंवा कॉस्टिकने पीएच ९ च्या आसपास न्या. जास्त चुना म्हणजे जास्त शुद्ध, हा समज चुकीचा आहे, कारण पीएच ११ च्या पुढे गेला की जस्ताचा साका पुन्हा विरघळू लागतो.

प्रश्नकर्ता

आपणा दोघांचा मनापासून आभारी आहे. मीटर बसवले आहेत आणि पहिल्याच आठवड्यात लक्षात आले, की जेवणाच्या सुट्टीतही आमचे नळ वाहतच असतात. प्लेटिंगनंतरच्या टाकीत पार्टिशन घालायला दिले आहे. एक विचारायचे राहिले : निथळलेले द्रावण गोळा करण्यासाठी साचलेल्या पाण्याची टाकी ठेवली, तर ते पाणी बाथमध्ये परत घालता येईल का? आणि आर.ओ.चा विचार कायमचा सोडावा का?

उत्तर १ (तेच अभियंता)

परत घालता येईल, पण थोडेच. निकेलचा बाथ ५५ ते ६० अंशांवर चालतो, त्यातून रोज भरपूर वाफ होते आणि तेवढी जागा रिकामी मिळते. तुमचा झिंकचा बाथ खोलीच्या तापमानाच्या आसपास चालत असल्यामुळे त्याची पातळी सहसा उतरत नाही. जेवढी उतरेल तेवढीच भर त्या टाकीतून घाला, आणि बाथमध्ये लोखंड व कार्बोनेट साचत नाहीत ना, याची तपासणी वाढवा.

आर.ओ. सोडू नका, पुढे ढकला. आज घेतला तर तो आजच्या उधळपट्टीच्या मापाचा घ्यावा लागेल. शिवाय आर.ओ.मधून क्षारयुक्त रिजेक्ट (गाळल्यावर मागे राहणारे पाणी) उरतेच, आणि ते आटवायचे म्हटले तर १,००० लिटर पाण्याची वाफ करायला केवळ सुप्त उष्णतेपोटी सुमारे ६३० युनिट ऊर्जा लागते. काही यंत्रे तीच वाफ पुन्हा वापरून हा खर्च बराच खाली आणतात, पण ती महाग असतात. म्हणून विक्रेत्याकडून रोज किती लिटर रिजेक्ट आटवायचे आणि त्याला किती युनिट लागतील, हे लेखी घ्या. सहा महिन्यांच्या मीटरच्या नोंदी हातात आल्या, की त्याच विक्रेत्याकडे नव्या मापाचे दरपत्रक मागा.

उत्तर २ (रसायनतज्ज्ञ)

गाळाचेही आताच ठरवून ठेवा. फिल्टर प्रेसमधून निघणारा धातूंचा गाळ हा घातक कचरा आहे; २०१६ च्या नियमांनुसार तो आवारात ९० दिवसांपेक्षा जास्त साठवता येत नाही आणि पाठवताना फॉर्म १० (वाहतुकीचे नोंदपत्रक) भरावा लागतो. पुणे परिसरासाठी रांजणगावला सामायिक प्रक्रिया केंद्र आहे. पिवळे पॅसिव्हेशन मागणाऱ्या ग्राहकांना ट्रायव्हॅलंटचे नमुने सॉल्ट स्प्रे चाचणीच्या (मिठाच्या पाण्याचा फवारा मारून गंज तपासण्याच्या) अहवालासह दाखवा. त्यांनी ते स्वीकारले, तर क्रोमची वेगळी टाकी आणि मेटाबायसल्फाइटचा टप्पा, दोन्हींची गरज कालांतराने संपेल.